मोजणारे नदीकाठी आले तेव्हा

सातपुड्याच्या उतारावर, नर्मदेच्या काठाशी वसलेल्या गावांना आपलं गाव बुडणार ही खबर दगडांनी दिली. सरकारी माणसं आली, त्यांनी तिपाईवर दुर्बीण लावली, डोंगराच्या अंगावर ठरावीक उंचीला खुणेचे दगड रोवले आणि ती निघून गेली. दगडाच्या खाली काय जाणार आणि वर काय उरणार, हे सांगायला कुणी पाड्यावर मुक्काम केला नाही. शेतात गाडलेला हा परका दगड कशाचा, याचा उलगडा व्हायला पुढं काही वर्षं जावी लागली.

त्या मोजणीत चूक नव्हती. पाणी कुठवर चढेल हे दुर्बिणीनं नीट सांगितलं होतं. पण पाण्याची उंची मोजणं हे एक काम आणि त्या पाण्यानं कुणाचं काय जाईल ते मोजणं हे दुसरं. पहिलं झालं, दुसरं राहून गेलं. ते राहिलेलं असतानाच, १९८५ साली, जागतिक बँकेनं सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. सहा वर्षांनी त्याच बँकेला बाहेरची माणसं नेमून ती मोजणी करायला पाठवावं लागलं. विकासाच्या नावानं देशोदेशी पैसा वाटणाऱ्या संस्थांच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते घडलं त्यात आपल्या तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या आदिवासी गावांचा मोठा वाटा होता.

कागदावरचं धरण

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १,३१२ किलोमीटर वाहत भरूचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. महाराष्ट्राच्या वाट्याला तिचा जेमतेम ५४ किलोमीटरचा काठ येतो. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी गुजरातमध्ये नवागामजवळ धरणाची कोनशिला बसवली. मग धरण किती उंच, पाणी कुणाला किती, यावर राज्याराज्यांत वाद पेटला. १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा यायला १९७९ चा डिसेंबर उजाडला. धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरली. मागचा जलाशय २१४ किलोमीटर लांब पसरणार होता. पाण्यातला मोठा वाटा मध्य प्रदेशाचा आणि गुजरातचा. महाराष्ट्राला पाणी नावापुरतं, विजेत मात्र २७ टक्के.

विस्थापितांच्या बाबतीत हा निवाडा त्या काळाच्या मानानं पुढारलेला होता. पैशाऐवजी जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची होती, तीही किमान दोन हेक्टर आणि सिंचनाखाली येणारी. सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरायचा होता. आणि गाव बुडण्याआधी पुनर्वसन पुरं झालेलं असायला हवं होतं. ही शेवटची अट कळीची आहे. लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा यावं लागेल. लवादापुढं जी गणती होती तिच्यानुसार महाराष्ट्रातली २७ गावं आणि ४५६ कुटुंबं बाधित होणार होती. वाचकांनी ४५६ हा आकडाही ध्यानात ठेवावा.

बँकेपुढं प्रकल्प आला तेव्हा लाभाची बाजू भरगच्च होती. गुजरातमधली १८ लाख हेक्टर जमीन भिजणार होती, १,४५० मेगावॉट विजेची क्षमता उभी राहणार होती, कच्छ-सौराष्ट्राच्या तहानलेल्या गावांना पाणी मिळणार होतं. हे आकडे खोटे स्वप्न म्हणून झटकून टाकण्याजोगे नव्हते. ज्यानं सौराष्ट्रातला दुष्काळ पाहिला आहे, त्याला या स्वप्नाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पण हानीची बाजू जवळपास कोरी होती. बँकेनं १९८० मध्ये विस्थापनासंबंधीचं आणि १९८२ मध्ये आदिवासींसंबंधीचं स्वतःचं धोरण केलं होतं. थेयर स्कडर या मानववंशशास्त्रज्ञाला १९८३ मध्ये बँकेनंच पाहणीला पाठवलं, आणि पुनर्वसनाची तयारी अपुरी असल्याचं त्यांनी सांगितलं होतं. तरी १९८५ मध्ये करार झाला. केंद्राच्या पर्यावरण खात्याची सशर्त परवानगी त्यानंतर दोन वर्षांनी, १९८७ मध्ये मिळाली. तिची अट अशी की राहिलेले अभ्यास बांधकामाच्या बरोबरीनं पुरे करावेत. म्हणजे कर्ज आधी, परवानगी मग, आणि अभ्यास भिंतीच्या बरोबरीनं.

सातबाऱ्यात न मावणारा संसार

हानी मोजायची म्हणजे आधी तिथला संसार कळायला हवा. नर्मदाकाठच्या भिल्ल किंवा पावरा कुटुंबाचं घर सागाच्या खांबांवर उभं असतं, भिंती बांबूच्या कुडाच्या आणि मातीनं लिंपलेल्या. डोंगरउतारावर ज्वारी, मका, बाजरी, उडीद. पावसाळा ओसरून नदी मागं हटली की काठावर गाळाचा सुपीक पट्टा उघडा पडतो, त्यात भाजीपाला आणि डांगर-टरबुजं लागतात. ही गाळपेर. तिला ना खत लागतं ना सिंचन. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुलं वेचून वाळवायची, ती वर्षभर पुरवायची. नदीत मासे, जंगलात चारा, डिंक, टेंभुर्णीची पानं, औषधी मुळ्या, घराला लागणारं लाकूड. मीठ, कापड आणि थोडं तेल एवढ्यासाठी बाजार.

आता या घरावर तलाठ्याचं दप्तर ठेवून पाहा. अक्राणी तालुक्यातली बरीच गावं वनगावं होती, त्यांची महसुली मोजणीच झालेली नव्हती. बापजाद्यांनी कसलेली जमीन जंगल खात्याच्या नावावर होती. तिला तिकडं नेवाड म्हणतात आणि कसणाऱ्याला सरकारी कागदात अतिक्रमणधारक. अतिक्रमणधारकाच्या नावावर जमीन नाही, म्हणून तो भूमिहीन; भूमिहीन, म्हणून त्याला दोन हेक्टरचा हक्क नाही. गाळपेरीचा पट्टा नदीचा, म्हणून तो कुणाच्याच खात्यावर नाही. मोहाचं झाड वनखात्याचं. मासे मोजायची रीतच नाही. ज्या घरानं सगळं गमावायचं होतं, त्याच्या नुकसानीची बेरीज कागदावर शून्याजवळ येत होती, आणि ती करणाऱ्या कारकुनानं एकही आकडा खोटा लिहिलेला नव्हता.

यातली ठेच सगळ्यांत आधी गुजरातेत लागली. तिथल्या १९ बाधित गावांत आर्च-वाहिनी या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं लढून १९८७ च्या डिसेंबरात सरकारकडून नवं धोरण मिळवलं. नेवाडधारक, भूमिहीन, सज्ञान मुलगा, सगळ्यांना दोन हेक्टर. महाराष्ट्रात मात्र भूमिहीनाला आणि सज्ञान मुलाला एकच एकर देण्याचं धोरण राहिलं. नदी तीच, धरण तेच, बुडणारा माणूस तोच. काठ बदलला की त्याची किंमत बदलत होती.

धडगावहून वॉशिंग्टनला

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या मेधा पाटकर १९८५ मध्ये या खोऱ्यात आल्या. पायी गावोगाव फिरताना त्यांनी लोकांना विचारलेला प्रश्न साधा होता : तुम्हाला काय सांगितलंय? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच होतं, काहीच नाही. १९८६ मध्ये नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली. तिनं आधी धरण अडवायची भाषा केली नव्हती. ती माहिती मागत होती. किती गावं, किती घरं, जमीन कुठं, कधी? ही उत्तरं सरकारकडंच नाहीत हे जसजसं उघड होत गेलं, तसतसा मागणीचा सूर विरोधाकडं वळला आणि तिन्ही राज्यांतले गट मिळून नर्मदा बचाओ आंदोलन झालं.

दुसरीकडं मोजणीचं एक अधिकृत कामही चालू होतं. महाराष्ट्रातल्या पुनर्वसनावर देखरेख आणि मूल्यमापन करायचं काम टाटा संस्थेकडंच सोपवलेलं होतं, गुजरातचं सुरतच्या सामाजिक अध्ययन केंद्राकडं, मध्य प्रदेशचं सागर विद्यापीठाकडं. पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांनी नर्मदेवरच्या मोठ्या धरणांचा खर्च आणि लाभ पुन्हा मांडून पाहिला. त्यांचं पुस्तक १९९० मध्ये आलं. बुडणारं जंगल आणि उठणारी माणसं खर्चाच्या रकान्यात धरली की प्रकल्पाचं गणित तेवढं देखणं राहत नाही, हे त्यांनी दाखवलं.

ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीनं सरदार सरोवरावर सुनावणी घेतली. मेधाताई आणि परांजपे यांनी तिथं साक्ष दिली. बँकेत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा, तेव्हा या सुनावणीचं वजन मोठं होतं. १९९० मध्ये जपाननं आपला निधी थांबवला. त्या वर्षाच्या डिसेंबरात हजारो लोक मध्य प्रदेशातून पायी धरणाकडं निघाले. गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला त्यांना अडवलं गेलं. थंडीच्या कडाक्यात तिथंच मुक्काम पडला आणि मेधाताई व त्यांच्या साथीदारांचं उपोषण जानेवारी १९९१ मध्ये २२ दिवस चाललं. त्याच सुमारास, बार्बर कोनेबल अध्यक्ष असताना, बँक स्वतंत्र फेरतपासणीला तयार झाली.

दहा महिने

तपासणीचं प्रमुखपद ब्रॅडफर्ड मोर्स यांना दिलं गेलं. मोर्स विकासाच्या विरोधातले नव्हते. अमेरिकी संसदेत रिपब्लिकन पक्षाचे सदस्य राहिलेला हा माणूस १९७६ ते १९८६ अशी दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा प्रमुख होता. गरीब देशांना प्रकल्प देणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. उपप्रमुख टॉमस बर्जर कॅनडाचे माजी न्यायाधीश. सत्तरच्या दशकात उत्तर कॅनडातल्या मॅकेन्झी खोऱ्यातून गॅसवाहिनी न्यावी का, याची चौकशी त्यांनी केली होती. ती करताना त्यांनी ३५ वस्त्यांत जाऊन सुनावण्या घेतल्या आणि शिकारी-कोळ्यांची साक्ष तज्ज्ञांच्या साक्षीइतकीच मोलाची धरली. १९७७ च्या अहवालात त्यांनी ती वाहिनी दहा वर्षं लांबणीवर टाकायला सांगितलं. सोबतीला मानववंशशास्त्रज्ञ ह्यू ब्रॉडी आणि पर्यावरणाचे जाणकार डॉन गॅम्बल होते.

१ सप्टेंबर १९९१ ला काम सुरू झालं. बँकेनं स्वतंत्र निधी दिला, सगळी कागदपत्रं खुली केली आणि अहवालावर कात्री न चालवण्याचं मान्य केलं. कार्यकक्षा मात्र आखून दिलेली होती : पुनर्वसन कसं चाललंय आणि पर्यावरणाची हानी कमी करायला काय केलंय, एवढंच. धरण हवं की नको, हा प्रश्न त्यांच्यापुढं ठेवलेला नव्हता.

हे लोक तिन्ही राज्यांत फिरले. जिथं जीप जाते तिथं जीपनं, नाहीतर नावेनं आणि पायी. बुडितातल्या गावांत बसले, नव्या वसाहतींत गेले, कालव्याच्या बाजूनं फिरले, धरणाखाली भरूचपर्यंत उतरले. अधिकाऱ्यांना भेटले, आंदोलकांना भेटले, धरण हवं म्हणणाऱ्या गुजरातच्या नागरिकांनाही भेटले. महाराष्ट्र-मध्य प्रदेशात लोकांनी सर्वेक्षकांना गावात पाऊल ठेवू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ज्यांनी आजवर काही सांगितलं नाही त्यांना आम्ही काही सांगणार नाही, हा त्यामागचा विचार. त्याच गावांनी या परक्या माणसांपुढं मात्र आपलं म्हणणं मांडलं, कारण ते ऐकायला आले होते.

त्यांची मोजपट्टी कुठली होती, हे मला या प्रकरणातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. बाहेरून आणलेला कुठलाही आदर्श त्यांनी लावला नाही. लवादाचा निवाडा, १९८५ चा कर्जकरार, बँकेची १९८० आणि १९८२ ची धोरणं, आणि भारतानं १९५८ मध्येच मान्य केलेला आदिवासींविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार. सरकारनं आणि बँकेनं ज्याच्यावर सह्या केल्या होत्या, तेच कागद घेऊन ते नदीकाठी गेले आणि ताडून पाहिलं.

अहवाल

१८ जून १९९२ ला अहवाल बाहेर आला. साडेतीनशेहून अधिक पानं, आणि सुरुवातीला बँकेचे नवे अध्यक्ष लुईस प्रेस्टन यांना लिहिलेलं पत्र. निष्कर्षात आडपडदा नव्हता. सध्याच्या स्थितीत प्रकल्प सदोष आहे, सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन होणं शक्य नाही, पर्यावरणावरच्या परिणामांचा नीट विचारच झालेला नाही, आणि या अवस्थेला कर्ज घेणाऱ्याइतकीच कर्ज देणारी बँकही जबाबदार आहे. बँकेनं मागं सरून सगळ्याचा नव्यानं विचार करावा, असा त्यांचा सल्ला होता.

पण या निष्कर्षांपेक्षा ते तिथवर कसे पोहोचले ते अधिक शिकवणारं आहे. त्यांनी आधी विचारलं : बाधित कोण? जलाशयाखाली २४५ गावं आणि किमान एक लाख माणसं येतात, असा त्यांचा अंदाज. पण कालव्यांत ज्यांची जमीन जाणार ते एक लाख ४० हजारांच्या आसपास शेतकरी? त्यांना कुणी प्रकल्पग्रस्त म्हणतच नव्हतं. केवडिया वसाहतीसाठी १९६१ पासून जमिनी गेलेली सहा गावं? तीही यादीबाहेर. धरणाखालचे मच्छीमार, ज्यांचा हिलसा गोड्या पाण्याच्या ओघावर जगतो? त्यांचा तर कुणी अभ्यासही केलेला नव्हता. नेवाडधारक, भूमिहीन आणि सज्ञान मुलगे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात निम्म्याहून कमी हक्कावर अडकलेले. बाधिताची व्याख्या जेवढी अरुंद, तेवढा प्रकल्प स्वस्त. खर्चाचा आकडा व्याख्येतच ठरून जात होता.

मग त्यांनी विचारलं : आधी काय होतं? इथं ते अडले. गावांची सामाजिक-आर्थिक मूळ पाहणी वेळेवर झालीच नव्हती. एखादं कुटुंब वसाहतीत गेल्यावर त्याचं बरं झालं की वाईट, हे ठरवायचं तर आधी ते किती धान्य पिकवत होतं, किती जनावरं राखत होतं, जंगलातून काय आणत होतं, याची नोंद हवी. ती नसताना नव्या वसाहतीत किती हातपंप बसवले आणि किती पत्रे वाटले हे सांगता येतं. माणसाचं आयुष्य कुठून कुठं गेलं ते सांगता येत नाही.

आणि तिसरं, ते आखून दिलेल्या कक्षेच्या कडेवर जाऊन पाण्याच्या हिशेबाकडं वळले. जलाशय किती पसरेल, खाली नदीत किती पाणी उरेल, कालव्यात कधी किती सोडता येईल, हे कळल्याशिवाय माणसांवरचा आणि निसर्गावरचा परिणाम कळणार नव्हता. तेव्हा त्यांना दिसलं की हे धरण ठरल्याप्रमाणं चालायला वरच्या अंगाला मध्य प्रदेशातलं मोठं साठ्याचं धरण वेळेवर व्हायला हवं, आणि ते तर रखडलेलं होतं. कच्छ-सौराष्ट्राच्या पिण्याच्या पाण्याची योजना अगदी प्राथमिक अवस्थेत होती. ज्या तहानेच्या नावानं धरणाचं समर्थन होत होतं, ती भागवायचा तपशीलच अजून आखलेला नव्हता.

बँकेची परीक्षा

बँकेनं अहवाल लगेच मानला नाही. आणखी एक पथक पाठवलं, भारतानं काही पावलं ठरावीक मुदतीत उचलावीत असं ठरवलं आणि निधी चालू ठेवायचा प्रस्ताव संचालक मंडळापुढं आणला. मोर्स आणि बर्जर यांनी ऑक्टोबर १९९२ मध्ये प्रेस्टन यांना पुन्हा पत्र लिहिलं. आपल्या निष्कर्षांना व्यवस्थापनानं वेगळाच अर्थ लावला, अशी त्यांची तक्रार होती. त्याच महिन्यात मंडळ बसलं. अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर युरोपातल्या देशांनी निधी थांबवायच्या बाजूनं मत दिलं. ही मतं चाळीस टक्क्यांहून अधिक होती, तरी बहुमत निधी चालू ठेवायच्या बाजूनं पडलं. मुदत ठरली ३१ मार्च १९९३.

त्याच वर्षी बँकेतला आणखी एक अंतर्गत अहवाल वरिष्ठांपुढं आला. विली वापेनहान्स या ज्येष्ठ अधिकाऱ्यानं बँकेच्या सगळ्या कर्जप्रकल्पांचा आढावा घेतला होता. पुरे झालेल्या प्रकल्पांतले एक तृतीयांशाहून अधिक असमाधानकारक ठरत होते. कारण त्यानं स्पष्ट लिहिलं : इथं अधिकाऱ्याची बढती किती कर्ज मंजूर करून घेतलं यावर होते, त्या कर्जातून पुढं काय झालं यावर होत नाही. नर्मदेवर जे दिसलं ते एका धरणापुरतं नव्हतं, संस्थेच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी, ३० मार्च १९९३ ला, भारत सरकारनं कर्जाचा उरलेला सुमारे १७ कोटी डॉलरचा भाग आपण होऊन नाकारला. ठरलेल्या कसोट्या पुऱ्या होणं कठीण होतं, आणि बँकेनं पैसे रोखले असते तर ते देशाच्या प्रतिष्ठेला लागलं असतं. धरण आता आपल्या पैशानं पुरं करू, असं सरकारनं जाहीर केलं.

मणिबेलीचा पावसाळा

बँक गेली, पाणी आलं. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे महाराष्ट्राच्या बाजूनं धरणाला सर्वांत जवळचं गाव, म्हणून बुडिताच्या वाटेवरचं पहिलं. १९९३ च्या पावसाळ्यात बांधामागं पाणी तुंबलं आणि मणिबेलीची शेतं आणि घरं पाण्यात गेली. गावाभोवती पोलीस होते. पाण्यात उभं राहून जलसमर्पण करायचं आंदोलनानं जाहीर केलं, तेव्हा केंद्रानं प्रकल्पाच्या फेरविचारासाठी पाच जणांचा गट नेमला. नियोजन आयोगाचे जयंत पाटील त्याचे प्रमुख होते, सदस्यांत वसंत गोवारीकर आणि एल. सी. जैन होते. पुढच्या वर्षी मणिबेलीचं प्राचीन शूलपाणेश्वर मंदिरही पाण्याखाली गेलं. जिथं मोजणी व्हायची राहिली होती ती जागा आता दिसेनाशी झाली.

त्यानंतर

वॉशिंग्टनमध्ये मात्र काहीतरी बदललं. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेच्या मंडळानं तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या प्रकल्पानं आपलं नुकसान होतंय आणि बँक स्वतःचे नियम पाळत नाही, अशी तक्रार जगातल्या कुठल्याही गावचे लोक आता तिथं थेट करू शकत होते. पहिली तक्रार नेपाळमधून, अरुण नदीवरच्या तिसऱ्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध आली, आणि १९९५ मध्ये बँकेनं त्यातून अंग काढून घेतलं. १९९४ मध्ये बँकेनं विस्थापन घडवणाऱ्या आपल्या सगळ्या प्रकल्पांचा आढावा घेतला. चालू प्रकल्पांमुळं सुमारे २० लाख माणसं उठत होती, आणि प्रकल्प मंजूर करताना धरलेल्या आकड्यांपेक्षा खरे आकडे मोठे होते. पुढं जागतिक धरण आयोग नेमला गेला. एल. सी. जैन त्याचे उपाध्यक्ष आणि मेधाताई सदस्य. नोव्हेंबर २००० मध्ये लंडनला नेल्सन मंडेलांच्या उपस्थितीत त्याचा अहवाल निघाला. जगातल्या मोठ्या धरणांनी चार ते आठ कोटी माणसांना उठवलं, असा त्याचा अंदाज होता. चार ते आठ : अंदाजाच्या दोन टोकांत चार कोटी माणसांचं अंतर. ती माणसं कुणी मोजलीच नव्हती, म्हणून ते अंतर.

धरणही पुरं झालं. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं बांधकामाला वाट दिली आणि १७ सप्टेंबर २०१७ ला पूर्ण उंचीच्या धरणाचं लोकार्पण झालं. कच्छ-सौराष्ट्रात नर्मदेचं पाणी पोहोचलं. तिथल्या बाईची डोक्यावरची घागर खाली उतरली असेल तर ते सुख खरं आहे आणि ते लाभाच्या बाजूला पुरतं मांडलंच पाहिजे. पण दुसरी बाजूही तितकीच नीट मांडली गेली तरच त्याला हिशेब म्हणायचं. लवादापुढं महाराष्ट्राची ४५६ कुटुंबं होती. न्यायालयाचा निकाल लागला त्या सुमाराला सरकारी आकडा ३३ गावं आणि ३,११३ कुटुंबं असा झालेला होता. जवळजवळ सातपट. मधल्या वीस वर्षांत कुटुंबं वाढली असतील, सज्ञान मुलं मोजली गेली असतील, पण त्यातली कितीतरी घरं १९७९ मध्येही तिथंच होती. ती कागदावर यायला वीस वर्षांचा लढा, उपोषणं, लाठ्या आणि दोन परदेशी म्हाताऱ्यांची नावेतली फेरी लागली.

मोर्स १९९४ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या अहवालानं धरण थांबलं नाही आणि ते थांबवणं त्यांचं कामही नव्हतं. त्यांनी एक गोष्ट मात्र कायमची लिहून ठेवली. विकासाचा परिणाम नंतर मोजायचा असेल तर आधीचं माणूस नीट पाहून ठेवावं लागतं : त्याचं शेत, त्याची गाळपेर, त्याचा मोह, त्याच्या जाळ्यातला मासा. लवादानं पुनर्वसन बुडिताच्या आधी व्हावं असं म्हटलं, त्यात हेच शहाणपण होतं. मोजणीला हा क्रम पाळावाच लागतो. आज मणिबेलीच्या जुन्या शेतांवर उभं पाणी आहे. तिथं एका घरात किती मोहफुलं वाळत, हे आता कुठल्याही दुर्बिणीनं सांगता येणार नाही. पुढच्या धरणाच्या, पुढच्या बंदराच्या, पुढच्या महामार्गाच्या खुणेचा दगड जिथं रोवला जाईल, तिथं तो रोवणाऱ्यानं त्याआधी एकदा पाड्यावर मुक्काम करावा आणि घरातल्या बाईला विचारावं, वर्षभर चूल कशावर चालते?